खामगावची चांदी आणि मामांचा टी.व्ही.

शेगावच्या दर्शनाला निघालेल्या प्रवाशांचे जलंब स्थानकाकडे सहसा लक्ष जात नाही. शेगाव आता आलेच, या लगबगीत सामानाची आवराआवर सुरू असते. मला मात्र लहानपणापासून जलंबचेच अप्रूप. येथे मुख्य लोहमार्गाला एक छोटा फाटा फुटतो आणि खामगावला जाऊन थांबतो. १८७० साली हा फाटा सुरू झाला, तो मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठी. त्या काळी खामगावच्या कापूसबाजाराचे नाव दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. पुढे ते वैभव ओसरले. पण गावाला मिळालेले दुसरे एक नाव आजतागायत टिकून आहे. बुलढाणा जिल्ह्यातले हे गाव ‘रजतनगरी’ म्हणून ओळखले जाते. खामगावची चांदी म्हणजे खरी चांदी, हा विश्वास लग्नघरांतून आणि देवघरांतून पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे.

याच गावात माझे मामा राहतात. वय ८२. चांदीच्या एका पेढीवर त्यांनी चाळीस वर्षे मुनीम म्हणून काम केले. मामी जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात मामा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले, खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून ते वॉकर घेऊन चालतात. वहिनींचा, म्हणजे त्यांच्या सुनेचा, फोन आला तेव्हा मला वाटले, पुन्हा खुब्याचेच काही असेल. तसे नव्हते. त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही एकदा येऊन जा. एका जुन्या टी.व्ही.वरून घरात आठ दिवस अबोला चाललाय.”

वाट अडवणारा संच

मामांच्या खोलीत खाट आणि खिडकी यांच्या मधोमध, लाकडी स्टुलावर, मागे भलामोठा फुगवटा असलेला जुन्या पद्धतीचा रंगीत टी.व्ही. आहे. १९९३ साली मामींनी भिशीचे पैसे जमवून तो घेतला होता. आठवड्याचा मराठी चित्रपट लागला की निम्मी गल्ली या खोलीत मावत असे. गेली बारा वर्षे तो बंद आहे. त्यावर मामींच्या हातचा क्रोशाचा रुमाल अंथरलेला आहे आणि रुमालावर त्यांचा फोटो. नंतर घेतलेला भिंतीवरचा चपटा टी.व्ही. मागच्या दिवाळीत पडून तडकला. तोही कपाटावर चढवून ठेवलेला.

वहिनींचे म्हणणे रास्त होते. खाटेपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून न्हाणीघरापर्यंत वॉकरला सरळ वाट हवी. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतील अडगळ ही नुसती अडगळ राहत नाही. रात्री दिवा लावण्यापूर्वी पायात येणारा तो अडथळा असतो. एकदा मोडलेला खुबा सांधला, दुसऱ्यांदा तसे होईलच याची खात्री कोण देणार? आणि मामांचेही खरे होते. “तिनं घेतलेला हाय थो,” एवढे एकच वाक्य ते बोलत आणि तोंड फिरवीत.

अबोल्याचे निमित्त निराळे होते. आठवड्यापूर्वी दारावर भंगारवाला आला. अख्खा संच नेणे त्याला परवडणारे नव्हते. तो म्हणाला, “इथंच अंगणात फोडतो, तांबं तेवढं नेतो. काच तुम्ही फेकून द्या.” वहिनींनी होकार दिला आणि मामांनी काठी उगारून त्याला हाकलले. ज्या अंगणात तो टी.व्ही. फुटणार होता, त्याच अंगणात मामांचा दहा महिन्यांचा पणतू दिवसभर रांगतो.

मी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. मामांनी त्या दिवशी काठी उगारली ती मामींच्या आठवणीसाठी; पण त्या काठीने नेमके काय टाळले, हे त्यांना आणि वहिनींना, दोघांनाही सांगणे आवश्यक होते. सांगायचे कसे, एवढाच प्रश्न होता. त्याचे उत्तर मला संध्याकाळी बाजारात मिळाले.

झारेकऱ्याची राख

मामांना ऑटोरिक्षाने सराफा बाजारात नेले. वर्षभरात ते तेथे गेले नव्हते. ओळखीच्या पेढीवर त्यांच्यासाठी लगेच खुर्ची आली, पाणी आले, “बसा काकाजी,” झाले. समोर काचेच्या कपाटांत ताटे, फुलपात्री, निरांजने, पैंजण, बाळाचे वाळे. मामांची नजर मात्र मागच्या बाजूच्या कारखान्याकडे होती. एक कारागीर काम संपवून घमेल्यात हात धूत होता. ते पाणी त्याने ओतून दिले नाही. एका पिंपात साठवले.

“पाह्यलं काय वं पोरी?” मामांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी मुनीम बोलू लागला. “हातावरची चांदीसुद्धा मोरीत जाऊ देत नाईत.”

मग त्यांनी मला झारेकऱ्यांविषयी सांगितले. सोनार-कारागिरांच्या दुकानातील केर, भट्टीची राख, हात धुतलेल्या पाण्याचा तळाचा गाळ, बसून बसून झिजलेल्या चटया, हे सारे विकत घेणारा तो झारेकरी. चटई जाळायची, राख चाळायची, धुवायची, टांकणखार घालून मुशीत वितळवायची आणि त्यातून कणाकणाने निसटलेली चांदी व सोने परत मिळवायचे. मुंबईच्या झवेरी बाजारातही गटारांचा गाळ असाच धुतला जातो. वितळलेल्या धातूचा टंच काढला की तिची शुद्धता कळते. तेजाबात विरघळलेल्या चांदीत तांब्याची पट्टी सोडली की पट्टीचे तांबे हळूहळू पाण्यात उतरते आणि चांदी बाहेर येऊन पट्टीवर बसते, हे मी शाळेत परीक्षानळीत दाखवीत असे. मामांनी ते व्यवहारात पाहिले होते.

“चांदी हरपत नाई,” ते म्हणाले, “जागा बदलते.”

या एका वाक्यात मला हवे होते ते सगळे होते. धातू जळून वा कुजून संपत नाही. चांदीचे जे खरे, तेच शिशाचे आणि पाऱ्याचेही खरे. तीही हरपत नाहीत, जागा बदलतात. टी.व्ही. अंगणात फुटला असता, तर त्यातले शिसे कोणाच्या घरात, कोणाच्या हाडांत जाऊन बसले असते, हाच काय तो प्रश्न होता.

पडद्यामागची खाण

घरी परतल्यावर मी वहिनींनाही बोलावले आणि कपाटावरचा चपटा टी.व्ही. खाली घेतला. या पातळ पडद्यात काय असते? दोन काचांच्या आतल्या बाजूंना एका धातूच्या ऑक्साइडचा थर असतो, केसाच्या शतांश जाडीहूनही पातळ. तो विजेला वाट देतो आणि तरीही त्यातून आरपार दिसते. हे दोन्ही गुण एकाच पदार्थात क्वचित सापडतात. त्या थरात सुमारे नऊ भाग इंडियमचा ऑक्साइड आणि एक भाग कथिलाचा ऑक्साइड असतो. आपण मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवतो, तेव्हा बोटाच्या स्पर्शाची वर्दी आत पोहोचवण्याचे कामही बहुधा असाच थर करतो.

इंडियम हे नाव आपल्या देशाशी दुरून जोडलेले आहे. १८६३ साली जर्मनीतील फ्रायबर्ग येथे फर्डिनांड राइश हे जस्ताच्या खनिजाचा अभ्यास करीत होते. ते स्वतः रंगांध असल्यामुळे वर्णपटातील रेषा पाहण्याचे काम त्यांनी थिओडोर रिष्टर या सहकाऱ्याकडे सोपवले. रिष्टर यांना पूर्वी कोणत्याही मूलद्रव्यात न दिसलेली गडद निळी रेषा दिसली. तो रंग निळीचा होता. आणि निळीला युरोपात जे नाव होते, ते ‘भारतातून येणारा रंग’ याच अर्थाच्या शब्दावरून पडलेले. अशा रीतीने या धातूच्या नावात भारत आला.

हा धातू स्वतंत्रपणे फारसा सापडत नाही. जस्ताचे खनिज शुद्ध करताना थोडा थोडा हाती येतो. म्हणूनच २०२३ साली केंद्र शासनाने देशासाठी अत्यावश्यक अशा ३० खनिजांची यादी केली, तीत इंडियमचा समावेश झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा खनिजांच्या पुनर्प्राप्तीसाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजनाही केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केली. टाकून दिलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे ही या योजनेच्या दृष्टीने एक खाणच आहे.

या खाणीतून धातू काढण्याची रीत ऐकून मामा सावरून बसले. चपट्या पडद्यावरचे प्लास्टिकचे पापुद्रे आधी वेगळे करतात, काच दळतात आणि आम्लात भिजवतात. इंडियम आम्लात उतरतो. मग इतर धातू बाजूला काढून त्या द्रावणात जस्त सोडले की जस्त विरघळते आणि इंडियम बाहेर येऊन साचतो. तांब्याच्या पट्टीवर चांदी बसते, त्याच न्यायाने. पुढे विजेच्या साहाय्याने तो शुद्ध केला जातो. एका पडद्यातून मिळणारे इंडियम ग्रॅमचाही लहानसा अंश असते. म्हणून हे काम हजारो पडदे एकत्र आल्यावरच परवडते. टी.व्ही.च्या आतील हिरव्या पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, तांबे, कथिल, थोडी चांदी आणि जोडांवर सोन्याचा मुलामाही असतो.

टोकियो ऑलिंपिकच्या पदकांची गोष्ट मामांना सर्वांत जास्त आवडली. २०१७ ते २०१९ या काळात जपानी कुटुंबांनी आपले जुने मोबाइल आणि लहानसहान उपकरणे दान केली. मोबाइलच ६२ लाखांच्या आसपास होते. त्यांतून सुमारे ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळाले आणि त्यापासून सुमारे ५,००० पदके घडली.

“साडेतीन हजार किलो!” मामांनी मनातल्या मनात आकडा पेढीच्या वहीत मांडून पाहिला असावा. “म्हंजे ते सारे झारेकरीच म्हणाचे.”

हरपत नाही ते विषही

झारेकऱ्याची कला शिकलेल्या माणसाने ती चुकीच्या जागी वापरली, तर काय होते याचे उदाहरण उत्तर प्रदेशात आहे. मुरादाबादला ‘पितळनगरी’ म्हणतात. जशी आपली रजतनगरी. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या त्या गावात धातू ओळखणारे, वितळवणारे हात पिढीजात होते. देशभरातले जुने सर्किट बोर्ड तेथे पोहोचू लागले, तेव्हा घराघरांच्या आडोशाला ते जाळले, फोडले, आम्लात बुडवले जाऊ लागले आणि काळी राख रामगंगेच्या काठी साचत गेली. कौशल्यात उणे काही नव्हते. उणी होती ती बंदिस्त भट्टी, धूर शोषणारी यंत्रणा आणि सांडपाणी शुद्ध करण्याची सोय.

आपल्या घरातील संचात कोणते विष असते, हे समजून घेतले की ही गोष्ट दूरची वाटत नाही.

फुगवट्याच्या जुन्या रंगीत टी.व्ही.त मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत सुमारे पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक शिशाचा ऑक्साइड मिसळलेला असतो. आतून निघणारे क्ष-किरण अडवावेत म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. काच अखंड आहे तोवर ते शिसे काचेत बांधलेले राहते, जुना टी.व्ही. खोलीत ठेवल्याने कोणाला शिशाची बाधा होत नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. काच फोडली, तिचा चुरा झाला, आतल्या पडद्यावरची भुकटी उडाली, सर्किट बोर्डाचे शिसेमिश्रित डाख तापवले, की ते धुळीत आणि धुरात येते. शिवाय या नळीच्या आत निर्वात पोकळी असते. फटका बसला तर काच जोराने उडते. संच बंद असला तरी आत काही काळ विजेचा भार शिल्लक राहू शकतो.

चपट्या टी.व्ही.त शिशाची काच नसते. पण जुन्या प्रकारच्या चपट्या संचांत पडद्यामागे उजेडासाठी बारीक नळ्या असत आणि त्यांत काही मिलिग्रॅम पारा असे. अलीकडच्या एलईडी संचांत त्या नसतात. आणि स्वतः इंडियम? पडद्यातल्या थराला हात लावल्याने काही होत नाही. पण त्याच पदार्थाची पूड श्वासावाटे फुप्फुसात जाणाऱ्या कामगारांना गंभीर आजार होऊ शकतो, याची पहिली वैद्यकीय नोंद २००३ साली जपानमधून प्रसिद्ध झाली. म्हणजे आपल्याला अगदी निरुपद्रवी वाटणारी काच दळणाऱ्या माणसासाठी निरुपद्रवी नसते.

शिशाच्या बाबतीत दोन वयांना सर्वाधिक जपावे लागते. एक रांगणारे, दुसरे वाकलेले. रांगणारे मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते, आणि त्याचे शरीर पोटात गेलेल्या शिशाचा मोठा भाग शोषून घेते; त्याचा घाव वाढत्या मेंदूवर पडतो. रक्तात अमुक इतके शिसे असले तर चालते, अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली नाही. वृद्धांचा प्रकार निराळा आहे. शरीर शिशाला कॅल्शियमसारखेच वागवते आणि हाडांत साठवते. तेथे ते दशकानुदशके राहते. म्हातारपणी हाडे ठिसूळ होऊ लागली, किंवा मोडलेल्या हाडामुळे माणूस दीर्घकाळ अंथरुणाला खिळला, की हाडांतून कॅल्शियमबरोबर ते शिसेही पुन्हा रक्तात उतरू लागते. रक्तदाब, मूत्रपिंड आणि स्मरणशक्ती यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून त्यांनी अंगणाचे दार लोटून घेतले. जणू तो भंगारवाला अजून बाहेरच उभा होता.

लोणारच्या काठावर

दुसऱ्या दिवशी मामांनी अचानक लोणारला जाण्याची इच्छा बोलून दाखवली. मामींबरोबर ते शेवटचे गेले होते, तेव्हा दैत्यसूदनाच्या देवळातही जाऊन आले होते. आता इतके फिरणे शक्य नव्हते. भाड्याची गाडी करून मेहकरमार्गे आम्ही गेलो आणि सरोवराच्या वरच्या कडेला, जेथून अवघा खड्डा दृष्टीस पडतो, तेथे मामांना खुर्ची टाकून बसवले.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्कापाताने काळ्या कातळात कोरले गेले. २०२० साली ते रामसर यादीत पाणथळ स्थळ म्हणून नोंदले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले आणि ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झाले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शोधून काढले. पडद्याच्या काचेवर दोन दिवस बोलणे चालले होते, म्हणून मला आणखी एक गोष्ट आठवली. ‘आईन-ए-अकबरी’त या परिसराचा उल्लेख येतो तो काच आणि साबण यांना लागणारा माल येथे मिळतो म्हणून. अकबराच्या काळीही लोणारच्या क्षाराचे नाव काचेशी जोडलेले होते.

मामांनी विचारले, “याचं पानी इतकं खारं काहून?”

मी म्हणाले, “मामा, कड्यावरून झरे आत येतात, पाऊस आत येतो, पण पाण्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हाने उडून जाते. त्याने आणलेला क्षार मात्र येथेच राहतो. वर्षानुवर्षे साचत राहतो.”

ते पाण्याकडे पाहत राहिले. मग आपल्या शस्त्रक्रिया झालेल्या खुब्यावर हात ठेवून म्हणाले, “म्हंजे माणसाचं हाडही लोणारच म्हण की. येते ते ऱ्हाते.”

त्यांना मी दोन दिवस जे सांगत होते, ते इतक्या थोडक्यात मला सांगता आले नव्हते. परतीच्या वाटेवर, जानेफळच्या पुढे कुठेतरी, ते वहिनींना म्हणाले, “देऊन टाकू थो टी.व्ही. पण फोडाचा नाई.”

अखंड द्यावा

वाचकहो, ‘फोडायचा नाही’ हीच या विषयातली पहिली आणि मुख्य सूचना आहे. जुना टी.व्ही., संगणकाचा पडदा, लॅपटॉप किंवा मोबाइल घरात उघडू नये, जाळू नये, फोडू देऊ नये. तांब्याचे चार पैसे मिळतात. शिसे मात्र आपल्याकडे राहते.

दुसरी गोष्ट, द्यायचा कोणाला? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादक कंपन्यांवर आपल्या मालाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. कंपनी चालू असेल तर तिच्या ग्राहक सेवा क्रमांकावर विचारावे. नवा संच घेताना जुना परत घेणार का, हेही विचारावे. कंपनीच बंद पडली असेल, तर अशा ‘अनाथ’ वस्तू गोळा करून नोंदणीकृत केंद्राकडे पाठवण्याचे काम नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थेकडे दिलेले आहे. नगरपरिषदेत चौकशी करताना हा मुद्दा सांगावा. मोबाइल किंवा संगणक देण्यापूर्वी त्यातील फोटो, बँकेची माहिती आणि सिम कार्ड काढून घ्यावे; वृद्धांच्या बाबतीत हे काम घरातल्या विश्वासू माणसाने शेजारी बसून करावे.

भंगारवाल्याला शत्रू मानू नये. तोच आपल्या गल्लीतला झारेकरी आहे. त्याला अखंड संच द्यावा, न फोडता केंद्रावर पोहोचवण्याचे भाडे द्यावे. त्याच्याही घरी रांगणारे मूल असू शकते.

कधी अपघाताने काच फुटलीच, तर मुलांना दूर न्यावे, हातमोजे घालावेत, कोरडा केर काढू नये. तुकडे जाड कागदाने उचलून फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके टाकून द्यावे. पाऱ्याची नळी, सीएफएल दिवा किंवा जुना थर्मामीटर फुटला, तर पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात, दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे. केरसुणी वा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. कण चिकटपट्टीने वा ओल्या कागदाने टिपून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत. घरातील कोणी भंगार, बॅटरी किंवा धातू गाळण्याच्या कामात असेल आणि सततचा थकवा, पोटदुखी, बद्धकोष्ठता, हातापायांना मुंग्या असा त्रास असेल, तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप स्पष्ट सांगावे. रक्तातील शिसे तपासता येते. घरगुती काढ्यांनी ते निघेल, या भरवशावर राहू नये.

जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेस गेल्याची नोंद आहे. उरलेल्याचा बराच भाग कोणाच्या तरी माळ्यावर, अंगणात किंवा उकिरड्यावर आहे.

वहीतली नोंद

मामांच्या टी.व्ही.ची कंपनी कधीच बंद पडलेली. चौकशीअंती मोठ्या शहरातील एका नोंदणीकृत केंद्राची गाडी पंधरा दिवसांनी या बाजूला येणार असल्याचे कळले. तोवर संच ओसरीवर ठेवला. जाण्याच्या दिवशी मामांनी क्रोशाचा रुमाल स्वतः घडी घालून फोटोजवळ ठेवला. टी.व्ही.चे आवाजाचे एक बटण त्यांनी हळूच ओढून काढून घेतले. तेवढे प्लास्टिक मी ठेवू दिले. मग जुन्या चादरीत तो फुगवट्याचा संच आणि तडकलेला चपटा पडदा दोन्ही बांधले गेले.

गाडीवाला घाईत होता. मामांनी मात्र त्याला वजन केल्याशिवाय आणि पावती दिल्याशिवाय हलू दिले नाही. “चाळीस वर्सं पेढीवर होतो मी. माल गेला की नोंद पायजे.” ही सवयही आपण घ्यावी अशीच आहे, पावती असली म्हणजे माल कोठे गेला हे विचारता येते.

त्या संध्याकाळी खाटेपासून खिडकीपर्यंतची वाट मोकळी होती. वॉकर टेकत टेकत मामा खिडकीशी गेले, तेथे खुर्चीवर बसले आणि त्यांनी आपली वही मागितली. खाली अंगणात पणतू रांगत होता. मामांनी तारीख घातली, वजन लिहिले आणि तपशिलाच्या रकान्यात मुनीमाच्या वळणदार अक्षरात नोंद केली: ‘टी.व्ही. दोन नग, अखंड दिले.’